पावडर स्नोला मराठीत काय म्हणायचं?

फेब्रुवारीच्या शेवटी गुलमर्गला स्कीइंग शिकून आलो, आता कोल्हापुरात घरच्यांना सांगायला बसलो की अडतंय. तिथला शिकवणारा रोज सकाळी बर्फात हात घालून सांगायचा आज पावडर, आज क्रस्ट, आज वेट, आणि आमच्याकडं सगळं बर्फच. रंकाळ्यावर गोळा खातो तोही बर्फ, आभाळातनं पडतो तोही बर्फ. वेगळे शब्द आहेत का?

— बर्फ मूळ फारसी. तिकडं बर्फ म्हणजे पडणारा, गोठलेल्या पाण्याला ते यख म्हणतात. आपण दोन्ही एकाच पोत्यात भरलं. हिम आहे, पण 'आज हिम घसरडं झालंय' असं कोण बोलतं?

— दहिवर चालेल का?

— नाही ओ दादा, दहिवर म्हणजे दव. महाबळेश्वरला वेण्णा लेककडं दव गोठतं ते पेपरात 'हिमकण' म्हणून येतं, पण ते जागेवर गोठलेलं, वरनं पडलेलं न्हवं.

— नवीन शब्द कशाला बनवायचे, गुऱ्हाळावरचे आणि रानातले घ्या की. कडाक्याच्या थंडीतला ताजा बर्फ मुठीत दाबला तरी लाडू वळत नाही कारण कणांत ओलच नसते, त्याला पिठूर म्हणा, पिठूर चांदणं म्हणतोच आपण. लाडू वळला की ओला, त्यात स्की अडकणार. मार्चनंतर दिवसा वितळून रात्री गोठून दाणे जाड होतात तो रवाळ, अगदी गुळासारखा. आणि क्रस्ट म्हणजे पोपडा!! पाऊस उघडल्यावर रानात धरतो तसा, वर टणक आणि पाय दिला की कर्रकन आत.

— ताई पोपडा लय भारी. पण वाऱ्यानं दाबून बसवलेला जाड थर असतो त्याला पोपडा नको, ढलपा म्हणूया, भिंतीच्या गिलाव्याचा निघतो तसा. खालचा थर कच्चा असला आणि उतार ३० ते ४५ अंशाचा असला की अख्खा ढलपा सुटतो, हिमस्खलन बऱ्याचदा असंच होतं.

— काश्मिरात २१ डिसेंबरपासनं ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, पिठूर पायजे तर तेव्हा जायचं भावा. तू उशिरा गेलास.

— व्हय, म्हणूनच दुपारी सारखा अडकून पडत होतो. आईला पोपडा म्हटल्यावर लगेच कळलं, म्हणाली मग खाली ओल असंल की. बरं आता स्कीला काय म्हणायचं?

— स्कीला स्कीच म्हण बाबा.