मदत हवी आहे: चिऱ्यांच्या ट्रकच्या धडकेत भावाचा पाय मोडला; मालकाच्या कागदावर सही करावी का?

केवड्याचे_बन

नमस्कार. आम्ही रत्नागिरी तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. हंगामात तो बागांमधून आंबा काढणीचे काम करतो आणि एरवी मिळेल ती मजुरी करतो. गेल्या महिन्यात संध्याकाळी तो दुचाकीवरून घरी येत असताना हातखंब्याच्या अलीकडे चिरेखाणीच्या कच्च्या रस्त्यावरून आलेला एक भरलेला ट्रक न थांबता थेट महामार्गावर घुसला आणि त्याच्या धडकेने भाऊ रस्त्याच्या कडेला फेकला गेला. उजव्या मांडीचे हाड मोडले असून त्यात सळई घातली आहे. घोट्यालाही फ्रॅक्चर आहे आणि तो पूर्वीसारखा वळणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

आता अडचणी सांगते. भावाला रुग्णालयात नेणाऱ्यांमध्ये ट्रकचा क्लीनरही होता. तेथे कोणी काय सांगितले ते कळायला मार्ग नाही, पण केसपेपरवर ‘दुचाकी घसरून पडल्याने दुखापत’ अशी नोंद झाली आहे. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीत नोंद आहे, गुन्हा मात्र दाखल झालेला नाही. ट्रकचा मालक शेजारच्या गावचा आहे. तो घरी येऊन पंचाहत्तर हजार रुपये देतो म्हणाला आणि त्यासाठी त्याने स्टॅम्प पेपरवर मजकूर तयार करून आणला आहे, ज्यात ‘यापुढे आमची कोणतीही तक्रार नाही व आम्ही कोणताही दावा करणार नाही’ असे वाक्य आहे. वाडीतली जाणती माणसे म्हणतात की कोर्टात वर्षे जातील, शेजारगावाशी वैर नको, हातात येते ते घ्या. त्यातच भावाच्या लायसन्सची मुदत अपघाताच्या आधीच संपलेली होती, त्यामुळे दावा केला तर उलट आपल्यावरच येईल अशी भीती आईला वाटते. आम्ही काय करावे, आणि कोणत्या क्रमाने?

ठाणे_अंमलदार_निवृत्त

ताई, सही करू नका. बाकीचे सगळे त्यानंतर.

प्रथम गुन्हा दाखल होणे आवश्यक आहे. भाऊ शुद्धीवर आहे, तेव्हा त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत घेतला गेला पाहिजे. त्याला चालता येत नसल्यामुळे पोलिसांनी रुग्णालयात किंवा घरी येऊन तो नोंदवावा, अशी लेखी मागणी करा आणि अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगण्याला पुढे काहीच किंमत उरत नाही. भारतीय न्याय संहितेत हाड मोडणे ही ‘गंभीर दुखापत’च धरली जाते, त्यामुळे येथे कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि कलम १२५ लागू होण्याजोगे आहे. ठाण्यात टाळाटाळ झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. तेथेही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. माझा अनुभव असा की अधीक्षक कार्यालयाकडे टपाल गेल्याची पावती दाखवली की बहुतेक वेळा ठाण्यातच काम होते. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून भरपाईचा दावा फेटाळला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रीनारायण (२०११) या निकालात सांगितलेले आहे. पण उशीर का झाला याचे खरे कारण फिर्यादीतच लिहा.

केसपेपरवरील नोंद ही माझ्या मते तुमच्या प्रकरणातील सर्वांत नाजूक जागा आहे. विमा कंपनीचा वकील तेच एक वाक्य पुढे करणार. त्यावर खाडाखोड करायला कोणालाही सांगू नका, त्याने संशय वाढेल. त्याऐवजी भावाच्या सहीने वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या: दाखल करतेवेळी मी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो, माहिती दुसऱ्यांनी दिली, प्रत्यक्षात अमुक क्रमांकाच्या ट्रकने धडक दिली. हा अर्ज त्यांच्या नोंदीत जोडला जाईल असे पाहा आणि पोहोच घ्या. दाखल करताना कोणाचे नाव ‘आणणारा’ म्हणून लिहिले आहे तेही केसपेपरवर असते. ते नाव क्लीनरचे निघाले, तर तीच नोंद तुमच्या बाजूने बोलेल, कारण अपघाताशी ट्रकचा संबंधच नसता तर त्या ट्रकचा माणूस तेथे आला कशाला?

तिठ्यावरची दुकाने आणि पेट्रोल पंप यांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण फार दिवस राहत नाही. महिना उलटला आहे. तरी आजच कोणाला तरी पाठवा आणि चित्रण जप्त करण्याविषयी पोलिसांना लेखी कळवा. मोडलेली दुचाकी पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला देऊ नका. ट्रकचा रंग दुचाकीवर लागलेला असेल, तर तो पंचनाम्यात आलाच पाहिजे.

दावा_अर्जदार

मी मोटार अपघात दाव्यांचीच वकिली करतो, म्हणून पैशांबाबत थोडे सविस्तर लिहितो.

मालकावर बोजा पडेल म्हणून वाडीतल्यांना संकोच वाटतो आहे, पण ट्रकचा थर्ड पार्टी विमा (वाहनामुळे इतरांना झालेल्या नुकसानीचा विमा) कायद्याने सक्तीचा आहे आणि तो चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, मालक नव्हे. मग मालकाला एवढी घाई का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. चालकाकडे योग्य लायसन्स नसेल किंवा ट्रकचे परमिट नसेल, तर अनेकदा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (हे दावे चालवणारे न्यायालय) कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ती भीती असलेले मालक बऱ्याचदा असेच स्टॅम्प पेपर घेऊन येतात. ट्रकचा क्रमांक ‘एमपरिवहन’ अॅपवर टाकला की विमा व फिटनेसची मुदत दिसते. ते आजच पाहून स्क्रीनशॉट ठेवा.

आता पंचाहत्तर हजार म्हणजे किती, ते पाहू. कायम अपंगत्व आलेल्या जखमीची भरपाई काढताना वय, उत्पन्न आणि कमावण्याच्या क्षमतेत आलेली घट पाहिली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यानुसार ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे, आणि प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले जातात. महिना १२,००० रुपये उत्पन्न धरले गेले, तर ते १६,८०० होते, वर्षाचे २,०१,६०० आणि सोळापट ३२,२५,६०० रुपये. घट ३० टक्के मानली तर ९,६७,६८० रुपये. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना, शुश्रूषा आणि पुढे सळई काढण्याचा खर्च हे सगळे याखेरीज.

यातला ३० टक्के हा आकडा कोठून येतो, येथे नीट लक्ष द्या. डॉक्टर पायाचे अपंगत्व सांगतात. न्यायाधिकरणाने पाहायचे असते ते त्या माणसाच्या त्या धंद्यावर झालेला परिणाम. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाचा गाभा तोच आहे. खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा घोटा वळला नाही तर त्याचा पगार कदाचित बुडणार नाही, पण हातात झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन हापूसच्या उंच फांदीवर उभ्या राहणाऱ्याचा घोटा वळला नाही तर त्याचा धंदाच संपला. हेच अपंगत्व ६० टक्के घटीचे मानले गेले, तर वरील हिशेबात १९,३५,३६० रुपये येतात. म्हणून भाऊ नेमके काय काम करत होता याचा पुरावा हा तुमच्या दाव्याचा कणा आहे. ज्या बागायतदारांकडे तो जात असे त्यांचे दाखले, त्यांनी बँकेत किंवा मोबाइलवरून पाठवलेली मजुरी, काढणीच्या वेळचे फोटो असे जे मिळेल ते गोळा करा. पगारपत्रक नाही म्हणून उत्पन्न शून्य धरत नाहीत. किमान वेतनाचा आधार घेऊन न्यायाधिकरण अंदाज करते, मात्र तो अंदाज सहसा हात राखूनच केलेला असतो.

लायसन्सबाबत आईला निश्चिंत करा. केवळ लायसन्स नव्हते म्हणून जखमीचीही चूक होती असे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुधीरकुमार राणा प्रकरणात (२००८) म्हटले आहे. त्याने गाडी कशी चालवली हे महत्त्वाचे. तरीही ही गोष्ट लपवू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अर्ज रत्नागिरीच्या न्यायाधिकरणात करता येईल. कलम १६४ खाली कोणाचीही चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. परंतु ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, हे विमा कंपनीचा माणूस आपणहून सांगेलच असे नाही.

केवड्याचे_बन

दोघांचेही आभार. ट्रकचा विमा चालू दिसतो आहे, फिटनेसची मुदत मात्र अपघाताच्या आधीच संपलेली आहे. तक्रार आज लिहून दिली, शिक्काही मिळाला. आणखी दोनच प्रश्न. दवाखान्याचे बिल अजून थकले आहे. मालकाकडून दावा न सोडता काही रक्कम घेता येईल का? आणि वकिलांची फी आम्हाला परवडणारी नाही.

दावा_अर्जदार

मालकाकडून उपचारासाठी मदत घेण्यात काहीच गैर नाही. ती बँकेतूनच घ्या आणि पावतीवर ‘औषधोपचारासाठी मदत’ एवढेच लिहा; दावा, तक्रार, तडजोड यांपैकी एकही शब्द त्यात नको. दावा दाखल करताना ही रक्कम आपणहून नमूद करा, म्हणजे समोरच्याला ती शोधून काढल्याचा आव आणता येणार नाही. फीबाबत जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. अपंगत्व आलेल्यांना आणि उत्पन्नमर्यादेतील व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

मिऱ्या_किनारा

माझ्या वडिलांच्या दाव्यातून गेलेला माणूस म्हणून एकच भर घालतो. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल, तर थकलेल्या बिलाबद्दल तेथील आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन भेटा. अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाड पूर्ण जुळल्यावर घ्या, घाईने घेतलेल्या प्रमाणपत्रावर उलटतपासणीत फार प्रश्न येतात. दावा मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका, प्रमाणपत्र नंतर जोडता येते. घरी विमा कंपनीचा तपासनीस येईल, गोड बोलेल आणि एक्स-रे पाहायला मागेल. त्याला झेरॉक्स द्या. मूळ फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले घराबाहेर जाऊ देऊ नका, आणि तो लिहून घेईल त्या जबाबावर वकिलांना दाखवल्याशिवाय भावाने सही करू नये.