‘व्हेरिएबल रेट स्प्रेइंग’ : मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (भाषांतरकार, नागपूर)
काटोल, कळमेश्वर, सावनेर भागातल्या कापूस आणि संत्रा उत्पादकांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम हाती आहे. ‘प्रिसिजन फार्मिंग’ला ‘काटेकोर शेती’ हा शब्द चांगला रुळलाय, तो तसाच ठेवते. अडलंय ते ‘व्हेरिएबल रेट स्प्रेइंग’पाशी. अख्ख्या वावरात एकसारखं औषध मारायचं नाही. चालत्या ट्रॅक्टरवरचं यंत्र ज्या जागेला जेवढं लागेल तेवढंच सोडतं, असं हे तंत्र. कच्च्या मसुद्यात ‘परिवर्ती दर फवारणी’ असं आलंय. वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. तुम्ही काय म्हणाल? शब्द सुचवलात तर तो वाक्यात वापरून दाखवा, ही विनंती.

गणित शिक्षक, नागपूर
‘व्हेरिएबल’ला शाळेत ‘चल’ म्हणतात. दहावीच्या गणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ असतात. त्यावरून ‘चलदर फवारणी’. आटोपशीर आहे, आणि दहावी झालेल्याला निम्मा शब्द ओळखीचा.

संत्रा बागायतदार, काटोल
सर, ‘चल’चं नंतर पाहू, अडचण ‘दर’मध्ये आहे. आमच्याकडे ‘फवारणीचा दर काय?’ असं विचारलं तर त्याचा एकच अर्थ निघतो : पंपामागे मजुरी किती, ड्रोनवाला एकरी घेतो किती. संत्र्याचा दर, कापसाचा दर, सगळीकडे दर म्हणजे भाव. ‘बदलत्या दराची फवारणी’ छापलं तर माणूस पहिलं हेच विचारेल की स्वस्त कधी पडते.

आणि ताई, ही गोष्ट आम्हाला नवी नाही. ६ बाय ६ मीटरवर लावलेली जुनी बाग घ्या. ओळीत एक वीस वर्षांचं झाड, त्याच्या शेजारी डिंक्या रोगानं झाड गेल्यामुळे पडलेला खाडा, त्यापुढे खाडा भरलेलं दोन वर्षांचं रोप. फवाऱ्याची गन धरणारा माणूस मोठ्या झाडाला चहूबाजूंनी फिरतो, आतल्या फांद्यांत गन घालतो, रोपाला एक हात देतो, खाड्यापाशी गन बंद करतो. त्याला सांगायचं एवढंच असतं : ‘झाड पाहून मार, भाऊ.’ ट्रॅक्टरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेनं फवारा उडवणारं यंत्र) आला, काम भराभर व्हायला लागलं, पण खाड्यावरही तेवढंच औषध जाऊ लागलं. आता ब्लोअरला सेन्सर लावून झाड आहे की नाही, त्याचा घेर केवढा, हे पाहणारी यंत्रं निघाली आहेत. माझा शब्द : ‘झाड पाहून फवारणी’. वाक्य : ‘झाड पाहून फवारणी करणारा ब्लोअर खाड्यापाशी आपोआप थांबतो.’

कृषी अभियंता, नागपूर
‘झाड पाहून’ बागेसाठी इतकं चपखल आहे की पुस्तिकेच्या संत्र्याच्या प्रकरणाला तेच शीर्षक द्यावं. काही सेन्सर आवाजाच्या लहरी सोडतात आणि पानांवरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. लहर लवकर परतली तर झाड जवळ, परतलीच नाही तर खाडा. म्हणजे यंत्रही झाड पाहतंच आहे.

‘दर’ काढाच. पण त्याच्या जागी सरळ ‘मात्रा’ही घालू नका, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतो. मात्रा म्हटलं की शेतकरी समजतो पाण्यातलं औषधाचं प्रमाण, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला किती मिली. या तंत्राच्या बहुतेक यंत्रांत टाकीतलं मिश्रण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच तीव्रतेचं असतं. बदलतं ते एका जागेवर पडणारं पाणी, म्हणजे हेच औषध मिसळलेलं पाणी. (टाकीत नुसतं पाणी ठेवून औषध वाटेत नळीतच मिसळणारी यंत्रंही आहेत, तिथे तीव्रता बदलते, त्यांच्यासाठी ‘मात्रा’ चालेल.) ‘जागेनुसार मात्रा बदला’ असं वाचून पाठीवर पंप घेतलेल्या कुणी दाट पट्ट्यासाठी पंपात झाकणभर औषध जास्त ओतलं तर? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या विदर्भात फवारणीबद्दल लिहिताना दोन अर्थ निघणारा शब्द ठेवायची मुभा कुणालाच नाही. लेबलवरचं प्रमाण ओलांडायचं नाही, हे वाक्य त्याच पानावर ठळक छापा.

दुसरं, मसुद्यात ‘यंत्र दाब कमीजास्त करतं’ असं असेल तर तपासून घ्या. जुन्या पद्धतीत तसं होतं, पण नोझल (फवाऱ्याचं तोंड) तेच ठेवून पाणी दुप्पट करायचं तर दाब चौपट लागतो. दाब वाढला की थेंब बारीक होतात आणि वाऱ्यासोबत धुऱ्यापलीकडे जातात. दाब उतरला की थेंब जाड होतात आणि पानावरून ओघळतात. म्हणून नव्या यंत्रांत दाब कायम ठेवतात आणि प्रत्येक नोझलमागे विजेवर चालणारी झडप असते. ती सेकंदाला दहाएक वेळा उघडते-मिटते. पाणी कमी हवं असेल तर उघडी राहण्याचा वेळ कमी करायचा. जवळ उभं राहिलं तर बारीक टकटक ऐकू येते आणि फवारा तुटक तुटक पडताना दिसतो. शेजारशेजारच्या झडपा आलटूनपालटून उघडतात, त्यामुळे ओळीत कोरडी जागा राहत नाही. याला ‘झडपेचं नोझल’ म्हटलं तरी पुरे.

कापूस-सोयाबीनसाठी माझा शब्द : ‘जागेनुसार कमीजास्त फवारणी’. वाक्य : ‘जागेनुसार कमीजास्त फवारणीत मिश्रण तेच राहतं, एकरी पडणारं पाणी बदलतं.’

प्रश्नकर्ती
फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. मला मधेच ‘गरजेनुसार फवारणी’ सुचलं होतं. तेही लहान आहे आणि कुणालाही कळेल. चालेल का?

मृदाशास्त्राची अभ्यासक, नागपूर
कळेल, पण भलतंच कळेल. पीक संरक्षणाच्या सल्ल्यात ‘गरजेनुसार फवारणी करावी’ हे वाक्य शेतकरी वर्षानुवर्षं वाचतोय, आणि तिथे त्याचा अर्थ वेळेशी बांधलेला आहे : किडीनं आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तर फवारा, नाहीतर नको. तुमचा शब्द जागेबद्दल आहे. कधी फवारायचं हे ठरल्यावर कुठे किती, हा पुढचा प्रश्न येतो. ‘जागेनुसार’च ठेवा.

उदाहरणही कापसाचंच द्या. आपल्याकडे एकाच वावरात वरच्या अंगाला मुरमाड बरड आणि खालच्या अंगाला खोल काळी जमीन असते. बरडीवरची पऱ्हाटी गुडघ्याएवढी, खालची छातीला लागते. वाढ आवरायला मेपिक्वाट क्लोराइड फवारतात, ते सगळीकडे सारखं मारलं तर आधीच खुजी राहिलेली पऱ्हाटी आणखी दबते. तिथे ते नकोच असतं, हवं असतं खालच्या पट्ट्यात. ‘जागेनुसार’ म्हणजे काय, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा या उदाहरणातून लवकर उतरेल. बोंडअळीचं उदाहरण टाळा. झाड उंच म्हणून अळी जास्त असं गणित नसतं.

प्रश्नकर्ती
शेवटचं एक. यंत्राला कुठे किती सोडायचं ते आधी नकाशात भरून देतात. त्या नकाशाला मसुद्यात ‘निर्देश नकाशा’ म्हटलंय.

मृदाशास्त्राची अभ्यासक
‘शिफारस नकाशा’ म्हणा. ‘शिफारस’ हा शब्द खतांमुळे घरोघरी पोचलाय. ‘कमीजास्त नकाशा’ही बोलताना खपतो. मात्र दोन नकाशे वेगळे ठेवा. उपग्रहाच्या चित्रावरून पीक किती हिरवं ते दाखवणारा एक, आणि त्यावरून माणसानं विचार करून ठरवलेला दुसरा. पहिला नुसता पाहणीचा असतो. एखादा पट्टा फिका दिसतोय तो पाणी साचल्यामुळे, की तुडतुड्यांमुळे, की जमीनच हलकी म्हणून, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी वावरात जावंच लागतं. दुसऱ्यालाच शिफारस म्हणायचं.

मर्यादाही लिहा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे एकरात साधारण ४० ठिपके. पट्टे ओळखायला पुरे, एकेका झाडासाठी नाही. आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्ये ढग असले की चित्रच मिळत नाही, तेव्हा ड्रोन उडवा नाहीतर यंत्रावरच सेन्सर लावा.

संत्रा बागायतदार, काटोल
ताई, छापण्याआधी ही पानं फवारा मारणाऱ्या दोन-चार मजुरांना मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडे या, मी जमवतो माणसं. ‘जागेनुसार कमीजास्त’ ऐकून त्यांनी ‘म्हणजे बरडीवर हलका हात ना?’ असं विचारलं तर शब्द पक्का. ‘औषध कमीजास्त घालायचं का?’ असं विचारलं तर अजून कामाला लागावं लागेल.