‘दुष्काळ’ म्हणावं की आणखी काही? सुदानच्या बातम्यांतला एक शब्द

ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या उत्तर दारफुरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ‘दुष्काळ’ (इंग्रजीत famine) असल्याचं तज्ज्ञांच्या समितीनं जाहीर केलं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच विचारलं, “का गं, तिकडं पाऊस झाला नाही का?”

पाऊस झाला होता. त्या महिन्यात सुदानात पूरही आले होते. नव्हतं ते धान्य, कारण १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं होतं.

आपल्याकडे दुष्काळ जाहीर होतो तो पावसाची तूट आणि पिकांची स्थिती बघून. त्या समितीचं माप वेगळं आहे: पाचातल्या निदान एका घरात अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्क्यांहून अधिक मुलं तीव्र कुपोषित, आणि दर १०,००० माणसांमागे रोज निदान दोन मृत्यू. या मापात पाऊस कुठेच नाही. ‘दुष्काळ’ म्हणजे मुळात नुसता वाईट काळ, हे खरं. पण आज तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीनच येते. मग कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद : ‘दुर्भिक्ष’ चालेल का? भिक्षासुद्धा मिळणं अवघड झालं, तो काळ. शेजारच्या चाड देशातून दारफुरला मदत नेणारा, आद्रे या सीमेवरच्या गावाचा रस्ता लष्कराच्या बाजूच्या सरकारनं फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४ बंद ठेवला होता. देणारे होते, पण वाट नव्हती. शब्द पोथीतला वाटतो, तरी अर्थ नेमका बसतो.

प्रतिसाद : मला ‘दुर्भिक्ष’ही अपुरा वाटतो, कारण त्यात करणारा दिसत नाही. ‘उपासमार झाली’ यातही दिसत नाही. ‘उपाशी ठेवलं’ म्हटलं की ‘कोणी?’ हा प्रश्न येतोच. आणि आपल्याकडे पानिपतापासूनचा शब्द आहे : रसद तोडणे. आरएसएफनं उत्तर दारफुरमधल्या अल-फाशर शहराला दीड वर्षाच्या आसपास वेढा घातला, तेव्हा लोक ‘अंबाज’ खाऊन राहिले. अंबाज म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, आमच्या विदर्भातली ढेप. ती गोठ्यात भिजत घातली की कसा वास येतो, ते गुरं पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. सुदानी माणसाचं रोजचं खाणं आपल्यासारखंच ज्वारीचं. त्या घरांत पोरांच्या पुढ्यात पेंड आली.

मूळ लेखिका : ‘रसद तोडणे’ पटलं. छावणीच्या बातमीत ‘उपासमार’ आणि वेढ्याच्या बातमीत ‘रसद तोडली’ असं मी लिहीन, आणि तोडणाऱ्याचं नाव त्याच वाक्यात देईन. आईला काल तसं वाचून दाखवलं. या वेळी तिनं पावसाचं विचारलं नाही. “पेंड? लेकरांना?” एवढंच म्हणाली.