मदत हवी आहे : जुन्या इंग्रजी सिनेमाला मराठी सबटायटल, जोडाक्षरं फुटतात

सोलापुरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांना १९३७ चा 'द ऑफुल ट्रुथ' दाखवायचाय. केरी ग्रांट, आयरीन डन. घटस्फोट पक्का व्हायला ९० दिवस बाकी, आणि तेवढ्यात दोघं एकमेकांची नवी लग्नं मोडायच्या मागे! कोर्टात कुत्रा कुणाकडे जाणार तो प्रसंग तर आमच्या मंडळींना नक्की आवडेल, पण भराभर इंग्रजी त्यांना झेपत नाही.

मराठी सबटायटल मी स्वतः लिहिलीत (मशीनच्या भाषांतरात विनोदाचा जीव जातो, ते सुचवू नका). लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये एकदम छान दिसतात. पेनड्राइव्हवरून प्रोजेक्टरला लावली की 'घटस्फोट'मधला 'स्फो' सुटा होतो, वेलांट्या भलतीकडे जातात. फाइल यूटीएफ-८ मध्येच (म्हणजे युनिकोडमध्ये) आहे, टायमिंगही बरोबर आहे. फॉन्ट बदलून पाहिला, फरक शून्य.

हॉलमध्ये लॅपटॉप जोडता येत नाही, एचडीएमआय पोर्ट बिघडलंय. नेटही नाही. म्हणजे सबटायटल व्हिडिओतच कायमची छापून घेणं एवढाच मार्ग दिसतोय. विंडोजवर चालणारं, फुकट आणि देवनागरी जोडाक्षरं न तोडता छापणारं सॉफ्टवेअर कुणी स्वतः वापरलंय का? कोणतं, आणि त्यात फॉन्ट कोणता ठेवलात?