कलांचोला पुन्हा फुले कशी आणली? गोव्यातल्या घरांतील अनुभव

नाताळच्या सुमारास फुलांनी गच्च भरलेली कलांचोची कुंडी आपण हौसेने घरी आणतो, तो बहर दीड-दोन महिने टिकतो आणि त्यानंतर झाड नुसती जाड, रसरशीत पाने काढत बसते, ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की हा धागा काढावासा वाटला. विकत आणलेल्या झाडाच्या पहिल्या बहराचे श्रेय आपले नसतेच. तेव्हा दुसऱ्या बहरासाठी आपण काय केले, आणि फसले असल्यास कुठे फसले, तेवढेच कृपया लिहावे. सुरुवात मी करतो.

फोंडा

दोन वर्षे मी खतांच्या मागे लागलो होतो. शेणखत झाले, गांडूळखत झाले, पेंडीचे आंबवलेले पाणीही झाले. पाने पोसली, पण कळी धरली नाही. कुंडी बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, होती आणि तेथला दिवा रात्री अकरापर्यंत चालू असे, याचा फुलांशी काही संबंध असेल असे तेव्हा मनातही आले नाही. कलांचोला कळ्या धरण्यासाठी साधारण सहा आठवडे रोज रात्री सुमारे १४ तास सलग अंधार मिळाल्यास उत्तम, आणि मध्येच दिवा लागला तर झाडाच्या लेखी ती रात्र लहान ठरते. मूळच्या मादागास्करच्या या झाडाला जर्मनीतील पॉट्सडॅमचे बियाणे-व्यापारी रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी १९३२ साली बाजारात आणले. आज व्यावसायिक उत्पादक काळ्या कापडाने झाडे झाकून हव्या त्या महिन्यात फुले काढतात, त्यामुळे आपल्याला त्याचा खरा हंगाम कळतच नाही.

तिसऱ्या वर्षी मी १ ऑक्टोबरपासून सायंकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालू लागलो आणि सकाळी आठला काढू लागलो. नोव्हेंबरच्या मध्यावर शेंड्याच्या दोन पानांमध्ये मोहरीएवढे हिरवे दाणे दिसले, ते मी दोन दिवस कीड समजत होतो. नाताळच्या आठवड्यात त्यांची केशरी फुले झाली.

डिचोली

खोक्याचा खटाटोप मला जमला नसता, पण नकळत एक प्रयोग मात्र घडला. एकाच झाडाच्या फांद्या लावून मी दोन कुंड्या केल्या होत्या, एक पुढीलदारी आणि एक मागीलदारी विहिरीजवळ. दिवाळीपूर्वी आमच्या मुलाने पुढे आकाशकंदील टांगला आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत रोज सायंकाळपासून झोपेपर्यंत पेटत राहिला. शेजारच्या घरी नाताळचा तारा लागला, त्याचाही उजेड पुढच्याच कुंडीवर पडत असे. जानेवारी संपता संपता मागची कुंडी फुलली, पुढची नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा असतो. कोपरा खरोखर काळोखा असेल तर तेवढ्यावरही काम भागते, फक्त फुले उशिरा येतात. आकाशकंदील तर लागणारच, तेव्हा आता दसऱ्यानंतर दोन्ही कुंड्या मी मागे नेऊन ठेवते.

वाळपई

अंधाराचे पुढचे पुढे, आधी झाड पावसाळ्यातून निभावले पाहिजे. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या पावसात पहिल्या वर्षी कुंडी पागोळ्यांखाली राहिली आणि जुलैत खोड बुडापाशी काळे पडून बोटाने दाबले तर दबू लागले. वरचे चांगले शेंडे कापून तीन दिवस सावलीत सुकवले, कापलेल्या तोंडावर खपली धरल्यावर निम्मी रेती, फुटक्या कौलांचे बारीक तुकडे आणि थोडे शेणखत अशा मिश्रणात लावले. नव्या कुंड्या छपराखाली ठेवल्या आणि माती बोटभर खोल सुकल्याशिवाय पाणी घातले नाही. तीच झाडे फेब्रुवारीत फुलली. माझ्या मते आपल्याकडे निम्मी कलांचो पाण्यानेच मरतात, आणि दोष मात्र हवेला दिला जातो.

मडगाव

आमच्या सदनिकेच्या सज्जासमोर एका दुकानाची पाटी रात्रभर झगमगत असते, म्हणून मी कुंडी कपाटात ठेवली आणि दोन दिवस बाहेर काढायची विसरलो. असे दोन-तीनदा झाल्यावर खालची पाने पिवळी पडून गळाली. रात्रीइतकाच दिवसाचा लख्ख उजेडही त्याला हवा असतो. मांजर असलेल्यांनी जपावे, ही पाने त्यांना विषारी असतात.

काणकोण

कलांचोची सख्खी बहीण असलेली पानफुटी आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आपोआप वाढली आहे. तिला कोणी खत घालत नाही की झाकत नाही, तरी थंडीत तिचे लांब दांडे वर येतात आणि त्यांवर तांबूस घंटा लोंबू लागतात. गडग्याकडे दिवा नाही. गेल्या वर्षी मी कलांचोची कुंडी उचलून तिच्याच शेजारी नेऊन ठेवली, आणि फुले ओसरल्यावर दांडे छाटून पुन्हा तिथेच ठेवली आहे.