सीपॅप लावून सात आठवडे झाले, घोरणं थांबलं, पण विसरणं तसंच आहे

चंद्रकोर (प्रश्न)
वडील ६२ वर्षांचे. झोपेत श्वास अडण्याचा त्रास (स्लीप ॲप्निया) आहे. झोपेच्या तपासणीत एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याची किंवा कमी होण्याची संख्या, ४२ आला, ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरत होता. सात आठवड्यांपूर्वी ऑटो-सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं आणि दाब स्वतः कमीजास्त करणारं यंत्र, सुरू केलं. दाब ४ ते २०, मास्क फक्त नाकाचा. घोरणं बंद, दुपारी पेपर वाचताना डुलकीही लागत नाही. पण गॅसवर ठेवलेलं दूध विसरतात, सकाळची गोळी घेऊन झाल्यावर पुन्हा डबी उघडतात, ओळखीच्यांची नावं अडतात. ॲपवरचे गेल्या महिन्याचे आकडे: वापर सरासरी ४ तास १० मिनिटं, मास्कमधून हवेची गळती मिनिटाला ३८ लिटर, उरलेला एएचआय ९.६. पहाटे तीनला लघवीला उठतात, मग मास्क लावतच नाहीत. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन, झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५. उपचारानं स्मरणशक्ती सुधारते का? किती दिवसांत? की हा डिमेन्शियाच आहे?

झोपप्रयोगशाळा
डिमेन्शियाचा विचार आत्ताच नको. हे आकडे बघता उपचार अर्धाच झालाय.

चार तास हा आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून आलाय. यंत्राचे पैसे मिळायला रोज चार तास, ७० टक्के रात्री, एवढा वापर लागतो. मेंदूला तेवढं पुरतं असा त्याचा अर्थ नाही. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात जास्त असते. तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात, श्वास जास्त वेळ अडतो आणि ऑक्सिजन सर्वांत खाली जातो. तीनला मास्क निघाला की नेमका हाच भाग उघडा पडतो.

आता गळती. बऱ्याच यंत्रांत २४ लिटरच्या वर गेलं की मोठी गळती धरतात. तेवढी हवा बाहेर जात असेल तर यंत्राला श्वास नीट मोजता येत नाही, म्हणून ९.६ वरही पूर्ण विश्वास ठेवू नका. आधी गळती कुठून होते ते शोधा. सकाळी तोंड कोरडं ठाक पडत असेल तर हवा तोंडातून जाते. डोळे लाल किंवा चुरचुरत असतील तर नाकाच्या वरच्या बाजूनं.

मास्क बसून लावू नका. आडवं पडून, यंत्र चालू करून लावायचा. पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढा म्हणजे सिलिकॉनची कड हवेनं फुगते, मग अलगद टेकवा आणि दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ओढा. लोक गळती दिसली की पट्टे आवळतात. त्यानं कडेला घडी पडते आणि गळती वाढते. कड रोज सौम्य साबणानं धुवा, चेहऱ्याच्या तेलानं ती घसरते. रात्री कवळी काढून झोपत असतील तर मास्कचं मापही कवळी काढूनच घ्यायचं, कारण गाल आत जातात.

तोंडातून जात असेल तर आधी नाक मोकळं करा: झोपण्यापूर्वी सलाईननं धुणं, ह्युमिडिफायरमध्ये (यंत्राची हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात) डिस्टिल्ड पाणी. तरीही तोंड उघडंच राहिलं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क.

दाब ४ ते २० ही बहुतेक कारखान्यातून आलेली सेटिंग असते. चारवर अनेकांना गुदमरल्यासारखं होतं, आणि रेममध्ये यंत्र खालून वर चढेपर्यंत श्वास अडून जातो. ॲपमधला ९५ टक्क्यांचा दाब (९५ टक्के वेळ यंत्र ज्याच्या वर जात नाही तो) डॉक्टरांना दाखवा, किमान दाब ते ठरवतील. स्वतः वाढवू नका. उरलेल्या एएचआयमध्ये घशाच्या अडथळ्याचे किती आणि मेंदूकडून श्वासाची सूचनाच न गेल्याचे, म्हणजे 'सेंट्रल', किती हे वेगळं दिसतं. सेंट्रल जास्त असतील तर दाब वाढवल्यानं बिघडू शकतं.

स्मृती-तपासणी
सुधारणा किती होते यावर संशोधनाचं उत्तर सरळ नाही, ते जसं आहे तसं सांगते. २०१२ साली अमेरिकेतल्या 'ॲपल्स' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ११०० जणांपैकी निम्म्यांना खरं, निम्म्यांना खोटं सीपॅप, सहा महिने. दिवसाची झोप कमी झाली, पण स्मरणशक्तीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. मात्र त्यातल्या बऱ्याच जणांची स्मरणशक्ती मुळात चांगलीच होती. २००६ च्या एका लहान अभ्यासात फक्त स्मृती कमी असलेले ५८ जण घेतले होते. तीन महिन्यांनी, रोज सहा तासांहून जास्त वापरणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांची स्मृती सामान्य पातळीवर आली, दोन तासांहून कमी वापरणाऱ्यांत २१ टक्के. त्या अभ्यासात कुणाला किती तास वापरायला लावायचं हे ठरवून दिलेलं नव्हतं, त्यामुळे नियमित वापरणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. तरी सहा तासांचं लक्ष्य मी नक्की ठेवीन.

काळाचा अंदाज: झोपाळूपणा काही आठवड्यांत जातो, लक्ष लागणं एक ते तीन महिन्यांत सुधारतं, नावं आणि नव्या गोष्टी लक्षात राहणं त्याहून सावकाश. मेंदूतल्या पांढऱ्या पेशीतंतूंमधला बदल एका छोट्या अभ्यासात बारा महिन्यांनी जवळजवळ भरून आलेला दिसला. सात आठवडे कमीच आहेत, त्यातही निम्म्या रात्रीचे.

दुधाचं विसरणं आणि नाव अडणं एकाच कारणानं होत नाही. दूध ठेवताना लक्ष नसेल तर ती गोष्ट मुळात साठवलीच जात नाही. घरी एक करून बघा: पाच शब्द सांगा, दहा मिनिटांनी विचारा. अडले की इशारा द्या, 'फळ होतं', 'कापडाचा प्रकार होता'. इशाऱ्यानं आठवलं तर अडचण बहुधा लक्ष देण्यात किंवा शोधण्यात आहे, आणि ती सुधारायला जास्त वाव असतो. इशारा देऊनही कोरंच राहिलं, किंवा असा शब्दच नव्हता म्हणाले, तर तपासणी लांबवू नका. मोका चाचणी (स्मृती आणि विचारशक्ती तपासणारी छोटी प्रश्नावली) करून घ्याल तर पुन्हा करताना दुसरा संच मागा, नाहीतर सरावानंच गुण वाढतात.

औषधांच्या_चिठ्ठ्या
दोन गोष्टी राहिल्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं, शाकाहारी असतील तर जास्तच. त्यानंही स्मृती मंदावते. बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), दोन्ही एकाच रक्तात तपासता येतात. दुसरी, अल्प्राझोलाम. ते नवी आठवण साठवण्यातच अडथळा आणतं. म्हणजे एकीकडे यंत्र लावायचं, दुसरीकडे ही गोळी. पण एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं उतरवतील. घरात सर्दीसाठी क्लोरफेनिरामिनच्या गोळ्या असतील तर त्याही बाजूला ठेवा, त्यांनीही स्मृती मंदावते.

चंद्रकोर
मनापासून आभार. शाकाहारीच आहेत, बी-१२ कधीच तपासलेलं नाही. पहाटे परत मास्क लावायचा कंटाळा करतात, त्याचं काय करू?

झोपप्रयोगशाळा
मास्क काढूच देऊ नका. नळी मास्कला जिथे जोडते तिथे बहुतेक मास्कना चटकन निघणारा सांधा असतो. तेवढाच काढून नळी उशीवर ठेवायची, मास्क चेहऱ्यावरच. परत आल्यावर अंधारात चाचपडूनही खट् करून बसतो. दिवसा चारपाच वेळा डोळे मिटून सराव करून घ्या. रात्री वीज जात असेल तर यंत्र इन्व्हर्टरवर घ्या. बॅटरी लहान असेल तर त्या वेळी पाणी तापवणं बंद ठेवा, सर्वांत जास्त वीज तेच खातं.