बिटटॉरेंट: मॅग्नेट लिंक मेटाडेटावरच (फाइलींच्या यादी-तपशिलावरच) अडकते, डीएचटी (फाइल असलेले लोक शोधून देणारं जाळं) नोड 0

प्रश्न: लिनक्सची आयएसओ मॅग्नेटने घेतोय. पुढे सरकतच नाही. तीच टॉरेंट फाइलने लगेच उतरते. राउटरच्या वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) 100.72 ने सुरू होणारा पत्ता दिसतो. पोर्ट फॉरवर्ड करू का?

लिनक्सवाला: नको, 100.64 ते 100.127 म्हणजे सीजीनॅट, कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते ते. पुढचा नॅट कंपनीकडे, तुमचं फॉरवर्डिंग तिथपर्यंत पोचतच नाही. पण नोड 0 असण्याचं कारण ते नव्हे. विचारणा आतून बाहेर जाते, उत्तर त्याच वाटेने येतं. यूडीपी (डीएचटी ज्यावरून चालतं तो प्रोटोकॉल) अडतोय. टॉरेंट फाइलमधला ट्रॅकर (फाइल असलेल्यांची यादी देणारा सर्व्हर) बहुधा एचटीटीपीवरचा, म्हणजे टीसीपीने जाणारा, म्हणून ती चालते. फायरवॉलमध्ये क्लायंटच्या पोर्टला टीसीपीसोबत यूडीपीही सोडा. हे हमखास राहतं.

गाठोडं: शिवाय मॅग्नेटमध्ये मुख्यतः असतो इन्फोहॅश (टॉरेंटची ओळख पटवणारा आकडा), मेटाडेटा नसतो. त्याच्याशी एक्सऑर (बिटांची तुलना) करून जवळ ठरणारे नोड विचारत जायचं, मग पीअर (फाइल वाटणारे) सापडतात, आणि मेटाडेटा त्यांच्याकडून 16 केबीच्या तुकड्यांत येतो. पहिलाच नोड नाही तर विचारणार कोणाला? जुनी डीएचटी फाइल उडवून क्लायंट पुन्हा सुरू करा. 15 मिनिटं गप्प राहिलेला नोड तसाही संशयितच धरतात.

प्रश्नकर्ता: यूडीपीच बंद होता. नोड 214, सुरू झालं.

लिनक्सवाला: सीड करताना (इतरांना फाइल देताना) सीजीनॅट नडेल. आयपीव्ही६ मिळत असेल तर चालू करा.